सुरूचं चक्र

वसईच्या पश्चिम पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा, वर्षातला सगळ्यात गोंगाटाचा महिना कोणता? डिसेंबर. पोरं नाताळगोठ्यासाठी रात्र-रात्र जागत असतात, घराघरांतून ताज्या रंगाचा वास येत असतो, नाताळ उलटला की लागणाऱ्या लग्नांची खरेदी आत्ताच निघते, आणि परदेशी गेलेली माणसं बॅगा भरभरून सुट्टीवर यायला लागतात. नेमकं याच दिवसांत चर्च उलटं सांगत असतं : थांबा. वेदीवर जांभळा रंग येतो, फुलं कमी होतात आणि रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ग्लोरिया गायचं बंद होतं. ग्लोरियाची सुरुवात म्हणजे बेथलेहेमच्या मेंढपाळांनी रात्री देवदूतांच्या तोंडून ऐकलेलं गाणं. देवाला गौरव आणि पृथ्वीवर शांती. (मधे 8 डिसेंबरच्या मरियामातेच्या सणासारख्या दिवशी सूट असते.) म्हणजे शांतीचं गाणंच चार रविवार मिटून ठेवायचं आणि नाताळच्या रात्री एकदम उघडायचं. हे मला आवडतं. आधी नसल्याची सवय करून घ्या, मग द्या, असा त्यामागे हिशोब असावा.

नाताळआधीच्या या चार रविवारांच्या काळाला आगमनकाळ म्हणतात. 2025 चा आगमनकाळ 30 नोव्हेंबरला सुरू झाला. त्याआधी आमच्या आळीच्या लघु ख्रिस्ती समूहाची बैठक बसली होती. आमच्याकडे धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चखालच्या वस्तीचे, असे आळीआळीचे छोटे समूह असतात. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, बायबलचा उतारा वाचायचा, त्यावर बोलायचं, चहा प्यायचा. आगमनकाळात काय करायचं यावर नेहमीप्रमाणे दोन तट पडले. तरुणांना रस्त्यावर रोषणाई हवी होती, वडीलधाऱ्यांना रोज रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तिसरंच काढलं. चार मेणबत्त्यांचं एक हिरवं चक्र करू आणि ते महिनाभर घरोघर फिरवू. रविवारी संध्याकाळी ते ज्या घरी असेल तिथे सगळी आळी जमेल. अट एकच : ज्यांच्या घरी चक्र आहे त्यांनीच ते पुढच्या घरी नेऊन द्यायचं. मुलांच्या हाती पाठवायचं नाही, फाटकावर ठेवून पळायचं नाही. घरात जायचं, टेकायचं, मिळून पाच मिनिटं गप्प बसायचं आणि परत यायचं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मोबाईलवर हिशोब ठेवायची मला खोड आहे. रस्त्याच्या ओळीने घरं लिहीत गेले आणि मधेच बोट थांबलं. पण त्याबद्दल पुढे.

चक्र करण्यातच अर्धा शनिवार गेला. परदेशी चित्रांत जी सूचिपर्णी डहाळी दिसते ती आपल्याकडे कुठून आणायची? पण समुद्रकाठी सुरूची झाडं आहेत, आणि त्यांच्या बारीक हिरव्या काड्या लांबून तशाच दिसतात. खाली पडलेल्या फांद्या गोळा करून आणल्या, झावळीच्या हिरांचं कडं वळलं, त्यावर सुतळीने सुरू बांधला. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती मिळवायला मात्र बरीच दुकानं पालथी घालावी लागली. सगळीकडे लाल आणि सोनेरीच. शेवटी गुलाबी मिळाली ती वाढदिवसाच्या सामानाच्या दुकानात, आणि तिला स्ट्रॉबेरीचा वास होता.

ही पद्धत मुळात आपली नव्हे, कॅथलिकांचीही नव्हे. 1839 मध्ये हॅम्बर्गला योहान हिनरिख विखर्न नावाचे प्रॉटेस्टंट पाळक गरीब मुलांचं एक वसतिगृह चालवायचे. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं त्यांना रोज भंडावून सोडायची. त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लहान मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. वाट पाहणं मुलांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. ही गोष्ट मी पहिल्या रविवारी सांगितली तेव्हा आमच्या आळीतल्या पोरांनी लगेच विचारलं, मग आपल्याकडे रोजची मेणबत्ती का नाही? खर्च, असं एका काकींनी उत्तर दिलं.

पहिल्या रविवारचं वाचन बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातलं होतं. राष्ट्रं आपल्या तलवारी मोडून नांगरांचे फाळ करतील. शेतकऱ्यांच्या आळीला हे समजावून सांगावं लागत नाही. अडचण आली ती पाच मिनिटांच्या शांततेची. पाच मिनिटं ही फार मोठी गोष्ट असते, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. पहिल्या मिनिटात शेजारच्या घरातल्या मालिकेचं पार्श्वसंगीत स्पष्ट ऐकू यायला लागलं. दुसऱ्यात टेम्पो मागे घेताना वाजतो तो कर्णा. मग कुणाच्या तरी पोटातला आवाज, त्यावर मुलांचं हसू, त्यावर आयांचे डोळे. एक आजी सरळ झोपल्या. मी स्वतः डोळे मिटून दुसऱ्या दिवशीच्या डब्याचा विचार करत होते.

त्या रात्री मी फादरांना म्हटलं, हे काही जमत नाही, गाणी घेऊ या. ते म्हणाले, येशूने ‘माझी शांती तुम्हाला देतो’ हे कधी म्हटलं ते आठवा. आठवलं. योहानाच्या शुभवर्तमानात ते शेवटच्या भोजनाच्या रात्री येतं. दगा देणारा यहूदा बाहेर निघून गेलेला, काही तासांत अटक व्हायची, शिष्य घाबरलेले. कर्णे न वाजणाऱ्या एखाद्या डोंगरावर बसून म्हटलेलं ते वाक्य नाही. मग ठरवलं, आवाज थांबायची वाट बघायची नाही. टेम्पो वाजला तर वाजू दे, त्या टेम्पोवाल्यासाठी प्रार्थना करायची. गंमत म्हणजे दुसऱ्या आठवड्यापासून मुलांनी याचा खेळच केला. ज्याचा आवाज येईल त्याचं नाव मनात घ्यायचं. कुत्र्यांचीही नावं घेतली गेली म्हणे.

माझा खरा प्रश्न मात्र आळीचा नव्हता, सकाळच्या विरार लोकलचा होता. वसई रोडला बायकांच्या डब्यात शिरणं म्हणजे काय, हे जी रोज शिरते तिलाच ठाऊक. तिथे कुणाशी भांडण होऊ नये म्हणून गप्प राहणं याला मी अनेक वर्षं शांती समजत आले होते. ती नुसती दमणूक असते. या महिन्यात मी एक छोटा नेम केला. रिक्षात बसल्यावर त्या दिवसाच्या वाचनातली एकच ओळ घ्यायची, आणि डब्यात कुणाचा कोपर बरगडीत घुसला की ती ओळ मनात म्हणून त्या बाईकडे एकदा बघायचं. नुसतं बघायचं. चेहरा दिसला की कोपराचा राग निम्मा होतो. भाईंदरला उतरणारी एक मुलगी तोवर माझ्यासाठी फक्त ‘दारात आडवी उभी राहणारी’ होती. बघायला लागले तेव्हा लक्षात आलं, तिला दिवस गेलेले आहेत आणि आत शिरायची तिला भीती वाटते. पुढे आम्ही दोघी-तिघींनी तिला आडोसा द्यायला सुरुवात केली. सगळे दिवस असे गेले असं मात्र नाही. काही दिवस ओळच आठवली नाही, आणि एकदा तर मी त्या ओळीसकट भांडले.

रात्री झोपताना दिवस मागे जाऊन बघायचा, कुठे देव भेटला आणि कुठे आपण तोंड फिरवलं, ही संत इग्नेशियसने घालून दिलेली जुनी रीत. ती माझ्याच्याने नीट कधी झाली नाही. डोळे मिटतात. त्याऐवजी भांडी घासताना करून पाहिलं, ते जमलं.

आता त्या यादीविषयी.

आमच्या आळीत दोन सख्खे भाऊ शेजारी-शेजारी राहतात. आपण त्यांना थोरले काका आणि धाकटे काका म्हणू. दोघांची वाडी मूळची एकच. वाटण्या झाल्या, मधला बांध आला आणि त्या बांधापायी बोलणं थांबलं. कोण म्हणतं बांध सरकवला, कोण म्हणतं पावसात खचला. विहीर सामाईक, मोटार लावायच्या वेळा वेगळ्या. बांधावरून जाणारी पायवाट होती तिथे तारेचं कुंपण पडलं. चर्चमध्ये दोघं एकाच बाजूला बसतात, पण मिस्सात ‘एकमेकांना शांती द्या’ म्हटलं जातं तेव्हा एक उजवीकडे वळून हात जोडतो, दुसरा डावीकडे. आळीला याची इतकी सवय झाली होती की त्यात कुणाला काही खटकतही नव्हतं.

आणि चक्राच्या यादीत थोरल्यांचं घर आलं नेमकं दुसऱ्या रविवारी, 7 डिसेंबरला. आमच्याकडे दुसरी मेणबत्ती शांतीची धरतात. त्यानंतरचं घर धाकट्यांचं.

मी घरी म्हटलं, क्रम बदलते, मधे दुसरं घर घालते. सासूबाई वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “रस्ता काय तू बदलणारेस? घरं जिथे आहेत तिथेच आहेत.” नवऱ्याचं मत की यात पडूच नये. फादरांना विचारलं तर ते हसले, म्हणाले, “अट तुम्हीच घातलीत ना?” फादर लोकांचा हाच त्रास असतो.

मग एका संध्याकाळी मीच थोरल्या काकांकडे गेले. ते पडवीत राजेळी केळ्यांचा घड न्याहाळत बसले होते. आमच्याकडे या केळ्याची सुकेळी करतात. सोलून, उन्हात वाळवून, दिवसचे दिवस जपून. हल्ली ती करणारी घरं कमी झालीत, आणि काकांना त्याचा अभिमान आहे. मी आधी केळ्यांबद्दल विचारलं, मग हवेबद्दल, मग एकदम म्हटलं, “काका, रविवारनंतर चक्र पुढे तुम्हालाच न्यायचंय. शेजारी.” ते म्हणाले, “पोराबरोबर पाठवीन.” मी म्हटलं, “अट आहे ना.” बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तू यादी कर, मी बघतो.” हे हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. मी चहा न घेताच निघाले, थांबले असते तर ‘नाही’ असं ऐकावं लागलं असतं.

रविवारी त्यांच्या अंगणात झाडून सगळी आळी आली. काही जण प्रार्थनेपेक्षा पुढे काय होतं ते बघायला आले होते, हे उघड होतं. धाकट्या काकी आल्या, धाकटे काका आले नाहीत. वाचन यशयाच्या अकराव्या अध्यायाचं. लांडगा कोकराजवळ राहील, चित्ता करडाजवळ बसेल, लहान मूल त्यांना वळेल. वाचून झाल्यावर कुणाला काही सुचलं असेल तर बोलायचं असतं. नेहमीचे बोलणारेही त्या दिवशी जमिनीकडे बघत होते. शेवटी थोरले काकाच म्हणाले, “ते सगळं ठीक आहे. पण लांडगा कोण आणि कोकरू कोण, ते आधी ठरवा.”

सगळे हसले. धाकट्या काकीसुद्धा. मला तो त्या महिन्यातला सगळ्यात प्रामाणिक प्रवचनाचा तुकडा वाटतो. भांडणात प्रत्येक जण स्वतःला कोकरूच समजत असतो. लांडगा समजून शांती मागायला कुणीच येत नाही.

चक्र त्यांच्या घरी दोन दिवस राहायचं होतं. दुसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर मी खिडकीतून पाहिलं तर काका बाहेर पडत होते, मागे काकी, काकांच्या दोन्ही हातांत चक्र. मेणबत्त्या विझवलेल्या. धाकट्यांचं घर बांधावरून पन्नास पावलं. तिथे कुंपण. म्हणून ते फाटकातून बाहेर आले, डांबरी रस्त्याने वळसा घेतला, कोपऱ्यावरच्या क्रूसापाशी क्षणभर थांबले आणि धाकट्यांच्या फाटकाशी आले. पुढचं मी पाहिलं नाही, धाकट्या काकींनीच नंतर सांगितलं. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. धाकट्या काकीच पुढे झाल्या, “या दादा,” म्हणाल्या आणि चक्र हातात घेतलं. थोरले ओट्यावर चढले. बसले. पाच मिनिटं गप्प बसायचं तर अटच होती, त्यामुळे न बोलण्याची पंचाईत आपोआप सुटली. शांतता संपल्यावर धाकटे काका म्हणाले, “तुझ्या राजेळीवर करपा दिसतोय.” थोरले म्हणाले, “तुझ्याकडून आला असेल.” आणि मग केळ्यावरच्या करप्यावर अर्धा तास बोलले. बांधाचं नाव निघालं नाही. क्षमा कुणी मागितली नाही, रडलं कुणी नाही, मिठ्या नाहीत.

मी हे फादरांना सांगितलं तेव्हा जरा निराशेच्याच सुरात सांगितलं. मला वाटत होतं, काहीतरी मोठं व्हायला हवं होतं. आता तसं वाटत नाही. “अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर,” असं येशू मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात म्हणतो, तेव्हा सगळा भर मला ‘जा’ वर दिसतो. आमच्या माणसांना ‘समेट करायला जा’ म्हटलं तर जन्मात जाणार नाहीत. चक्र पोचवायचंय म्हटलं की जातात. काम हवं हातात. त्या सुरूच्या कड्याचा उपयोग एवढाच होता, की रिकाम्या हाताने जावं लागू नये.

तिसऱ्या रविवारी गुलाबी मेणबत्ती, आनंदाची. घर मिळालं ते अंथरुणाला खिळलेल्या एका काकांचं. पूर्वी एसटीवर ड्रायव्हर होते, अर्धांगवायूनंतर चर्चला येणं थांबलं. त्या दिवसाच्या शुभवर्तमानात तुरुंगातला बाप्तिस्मा करणारा योहान येशूला निरोप पाठवतो, येणार होता तो तूच ना, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहू? काका अडखळत म्हणाले, “हे मी रोज विचारतो.” त्यावर कुणी काही उत्तर दिलं नाही, आणि दिलं नाही ते बरं झालं. त्यांच्या सुनेने उशी नीट केली, स्ट्रॉबेरीचा वास खोलीभर झाला, आणि काकांना तो मुळीच आवडला नाही.

त्याच आठवड्यात आळीच्या टोकाच्या चाळीतल्या एका बाईने मला थांबवलं. त्या मूळच्या कोकणातल्या, घरी गणपती बसवणाऱ्या. “तुमचं ते दिव्याचं आमच्याकडे ठेवलं तर चालेल का?” समूहात यावर कुजबुज झाली, नाही असं नाही. एकाने विचारलं, त्या प्रार्थना काय म्हणणार? शिक्षिकाबाई म्हणाल्या, गप्प बसायला कुठला धर्म लागतो? चक्र गेलं. त्यांनी ते देव्हाऱ्याशेजारी पाटावर ठेवलं, बाजूला निरांजन. एकच खोली, पाळण्यात तान्हं बाळ झोपलेलं, त्यामुळे आम्ही सगळे श्वाससुद्धा जपून घेत होतो. पूर्ण महिन्यातली सगळ्यात चांगली पाच मिनिटं मला त्या खोलीत मिळाली. निघताना बाई म्हणाल्या, दिवसभरात एवढं कुणी शांत बसलेलं मी या घरात पाहिलं नव्हतं.

नाताळच्या आधी पापनिवेदनाची संध्याकाळ असते. शेजारच्या धर्मग्रामांतून फादर येतात, रांगा लागतात. रांगेत उभं राहिल्यावर पुढची-मागची माणसं काय सांगणार असतील याचा विचार करायचा नसतो. तरी थोरल्या काकांना पाहून मी केलाच.

चौथ्या रविवारी चक्र आमच्या घरी होतं. सुरू पार वाळून तपकिरी झाला होता, काड्या गळून टेबलभर पडत होत्या, जांभळ्या मेणबत्त्या चार बोटं उरल्या होत्या. त्या दिवसाचं वाचन योसेफाचं. मरिया गरोदर असल्याचं कळल्यावर तिची बदनामी होऊ नये म्हणून तो गुपचूप दूर व्हायचं ठरवतो, मग स्वप्नात देवदूत येतो, आणि उठल्यावर तो तिला घरी आणतो. शुभवर्तमानात योसेफाच्या तोंडी एकही वाक्य नाही. धाकटे काका त्या दिवशी आले होते. त्यांच्यात आणि थोरल्यांत तीन माणसं बसली होती. आधी एक आख्खं अंगण असायचं.

जानेवारीत बांधाची मोजणी झाली. तारीख आधीच लागलेली होती, चक्राचा त्याच्याशी संबंध नाही. दोघंही हजर होते. माझा नवरा पंच म्हणून उभा होता, त्याने सांगितलं, खूण ठोकली ती थोरल्यांच्या अपेक्षेपेक्षा हातभर त्यांच्या बाजूला. थोरले जाम चिडले. ही मोजणीच चुकीची आहे, मी अपील करणार, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. फक्त हे सांगताना ते धाकट्यांच्या ओट्यावर बसले होते आणि धाकट्या काकींनी दिलेला चहा त्यांच्या हातात होता. काकी म्हणाल्या, “करा अपील, दादा. साखर कमी आहे का?”